नळीतून जातो तोही घासच

गेल्या महिन्यात आठवडी बाजारातून घरी परतत होते. एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर एका बाईंनी हाक मारली, "सिस्टर, ओळखलं का?" मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण ही हाक कानावर आली की पाय आपोआप थांबतात. बाईंनी हातातल्या कापडी पिशवीतून एक मोठी सिरिंज काढली आणि भर रस्त्यातच विचारले, "आमच्या भाच्याला नाकात नळी घालून काल घरी सोडलंय. यातनं दूध घाला म्हणाले. पण कसं घालायचं ते कुणी दाखवलंच नाही. तुम्ही जरा येता का घरी?"

मी गेले. भाचा बावीस वर्षांचा. जन्मापासून बौद्धिक दिव्यांग, हातापायांत ताठरपणा, बोलता येत नाही. पण माणसे ओळखतो, ओळखीचे कुणी दिसले की हसतो. खाटेवर उताणा झोपलेला होता. उशाशी तांब्यात दूध झाकून ठेवलेले. आई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून मुलाच्या पोटात काही गेले नव्हते, कारण त्या नळीला हात लावायचे तिला धाडसच होत नव्हते. मी तिला म्हटले, "ताई, घाबरलात ते बरंच झालं." तिला वाटले मी थट्टा करते आहे. पण ते मी अगदी मनापासून बोलले होते. का, ते सांगण्यासाठीच आज हा लेख लिहिते आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. आपण वर्षानुवर्षे ज्यांना 'मतिमंद' म्हणत आलो त्यांच्यासाठी आता बौद्धिक दिव्यांग हा शब्द वापरला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये या दिव्यांगत्वाची आणि सेरेब्रल पाल्सीचीही स्वतंत्र नोंद आहे. यातल्या बहुतेकांना नळीची गरज कधीच पडत नाही. ती आपल्यासारखीच भाकरी-भाजी खातात. पण ज्यांच्या मेंदूला जन्माच्या वेळी किंवा लहानपणी जास्त इजा झालेली असते, त्यातल्या काहींना गिळण्याचा त्रास असतो. गिळणे ही आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात जीभ, घसा आणि श्वासनलिकेवरचे झाकण यांचा मेळ क्षणार्धात जमावा लागतो. तो चुकला की घास अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेने उतरतो. आपल्याला ठसका लागतो आणि आपण सावरतो. यांच्यातल्या काहींना तर ठसकाही लागत नाही. पाणी, दूध, वरण गुपचूप फुप्फुसात झिरपत राहते. वरचेवर न्यूमोनिया होतो, वजन घटते, एकेका जेवणाला दीड-दीड तास लागतो. अशा वेळी डॉक्टर नळीचा सल्ला देतात.

नळी दोन प्रकारची असते. एक नाकातून घशावाटे जठरापर्यंत जाणारी. आपल्याकडे तिला सरसकट 'राइल्स ट्यूब' म्हणतात. जॉन आल्फ्रेड राइल या इंग्रज डॉक्टरांच्या नावावरून हे नाव पडले. ही नळी थोड्या दिवसांच्या सोयीची. साध्या प्लास्टिकची असेल तर काही दिवसांतच कडक होते आणि बदलावी लागते. दुसरी नळी पोटावर लहान छिद्र करून थेट जठरात बसवतात. मोठी शस्त्रक्रिया न करता, दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसवण्याची पद्धत अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. गौडरर आणि डॉ. पोन्स्की यांनी १९७९ साली प्रथम वापरली, तीही एका तान्ह्या बाळासाठी. महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त काळ नळीची गरज दिसत असेल तर पोटावरच्या नळीचा विचार करावा, असे साधारणपणे मानतात. आपल्याकडे मात्र वर्ष-वर्ष नाकात नळी घेऊन जगणारी मुले मी पाहिली आहेत. नाकपुडीला जखम आणि गालावर चिकटपट्टीचे चट्टे! 'पोटावरची नळी बसवता येईल का?' हे विचारायचे असते हेच त्यांच्या आईबापांना ठाऊक नव्हते.

आता १९९८ सालची गोष्ट सांगते. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होते त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा सगळीकडे असेच चालायचे. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आमच्या वॉर्डात होता. आईने त्याला इतकी वर्षे मांडीवर घेऊन, बोटाने कालवून भरवलेले. गिळणे अगदीच बंद झाले म्हणून नाकातून नळी घातली. चार दिवस आम्हीच त्याला फीड दिले. आई बाजूला उभी राहून बघायची. मदतीला पुढे झाली की आम्हीच म्हणायचो, "बाजूला व्हा हो बाई, आम्हाला करू द्या." शनिवारी संध्याकाळी खाट रिकामी हवी होती म्हणून त्याला घरी सोडले. डिस्चार्ज कार्ड मीच तिच्या हातात दिले. त्यावर इंग्रजीत लिहिले होते की, दर दोन तासांनी दोनशे मिली फीड द्यावे. मी तोंडी सांगितले, "दोन-दोन तासांनी दूध घालत जा." तिने मान हलवली. तिची एस.टी. चुकत होती.

पाचव्या दिवशी ती त्याला घेऊन परत आली. मुलाला धाप लागलेली, ओठ निळसर. नळी चार बोटे बाहेर सरकलेली होती. चिकटपट्टी सुटली म्हणून तिने नवी लावली होती, पण नळी सरकली म्हणजे काय होते हे तिला कोणी सांगितले नव्हते. मुलाला उताणे निजवून, दट्ट्याने जोर देऊन ती दूध घालत होती. दोन तासांनी म्हणजे दोन तासांनी, रात्रीसुद्धा. आमच्या सांगण्यात तिने एका वेळेचाही खाडा केला नव्हता. मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. त्याला घेऊन जाताना ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सिस्टर, माझ्याच हातानं झालं का वो हे?"

मी तेव्हा काही बोलले नाही. बदलीची वेळ झाली होती, असे मी स्वतःला सांगितले. त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला ठाऊक होते. तिच्या हातून नव्हते झाले. तिला न शिकवता कार्ड देणाऱ्या हातून झाले होते, आणि तो हात माझा होता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, नळी घालणे हा उपचाराचा सर्वांत छोटा भाग आहे. नळी घालायला दहा मिनिटे लागतात. ती सांभाळावी लागते महिनोन् महिने, कधी आयुष्यभर, आणि ते काम घरातली एक बाई करते. तेव्हा घरच्या माणसाने नर्सच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने, निदान तीन-चार वेळा पूर्ण फीड दिल्याशिवाय अशा रुग्णाला घरी सोडता कामा नये. नुसते 'समजले ना?' असे विचारून भागत नाही. आपल्याकडे 'समजले नाही' असे डॉक्टरांच्या तोंडावर म्हणणारा माणूस विरळा. 'करून दाखवा' असे म्हटले तरच काय समजले आहे ते कळते.

यात शिकवायचे असते तरी काय? थोडक्यात सांगते. मात्र हे वाचून कोणी घरी नळी घालू नये किंवा सरकलेली नळी आत ढकलू नये. ते शिकलेल्या माणसाचे काम आहे. तसेच फीड किती आणि किती वेळाने द्यायचे हे ज्याच्या-त्याच्या वजनावर आणि प्रकृतीवर ठरते. ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

पहिली गोष्ट बसण्याची. फीड कधीही उताणे निजवून देऊ नये. डोके आणि छाती निदान ३० ते ४५ अंश उंच हवी. म्हणजे पाठीशी दोन-तीन उशा किंवा गादीची वळकटी हवी. नुसत्या मानेखाली उशी घातली तर मान दुमडते, छाती सपाटच राहते. फीड संपल्यावरही अर्धा ते एक तास तसेच बसवून ठेवावे. ज्यांच्या पाठीला बाक आहे किंवा अंग ताठ आहे त्यांना कसे बसवायचे, हे फिजिओथेरपिस्टला दाखवून विचारावे.

दुसरी गोष्ट नळी जागेवर आहे की नाही याची. नाकातल्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. घातली त्या दिवशी नाकपुडीपाशी कोणता आकडा होता तो कार्डावर लिहून घ्यावा आणि दर वेळी फीडपूर्वी ताडून पाहावा. आकडा बदलला असेल तर फीड द्यायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. आमच्या वेळी सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकायचो आणि खुशाल फीड सुरू करायचो. ही पद्धत भरवशाची नाही. नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सरकारी यंत्रणेने २००५ सालीच ही पद्धत वापरू नये अशी सूचना काढली. जठरातला रस ओढून आम्लता दाखवणाऱ्या कागदावर टाकायचा आणि आकडा साडेपाच किंवा त्याहून कमी आला तरच फीड द्यायचे, ही तिथली रीत आहे. रस आला नाही किंवा शंका असेल तर एक्स-रे. हा कागद काही महाग नाही. आपल्या रुग्णालयांनी तो वॉर्डात ठेवावा आणि घरी सोडतानाही सोबत द्यावा.

तिसरी गोष्ट देण्याच्या पद्धतीची. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा. नळी दुमडून धरायची म्हणजे हवा आत जात नाही. मग सिरिंजचे नळकांडे नळीला लावून त्यात फीड ओतायचे आणि ते आपल्या वजनाने उतरू द्यायचे. आपण माणूस वीस-पंचवीस मिनिटे जेवतो, त्यालाही तेवढाच वेळ द्यावा. मध्येच खोकला आला, धाप लागली, चेहऱ्याचा रंग बदलला किंवा उलटी झाली तर तत्काळ थांबावे.

चौथी गोष्ट पाण्याची. फीडच्या आधी, नंतर आणि प्रत्येक औषधानंतर नळीतून पाणी सोडायचे. मोठ्या माणसाला साधारण ३० मिली, लहान मुलांना डॉक्टर सांगतील तेवढे. नळ्या तुंबतात त्या बहुतेक वेळा याच आळसामुळे. तुंबलेल्या नळीत तार किंवा काडी घालू नये.

पाचवी गोष्ट औषधांची. ही फार महत्त्वाची, कारण बौद्धिक दिव्यांग व्यक्तींपैकी अनेकांना फिट्सचा आजार असतो आणि रोजच्या गोळ्या चालू असतात. सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटून दुधात कालवणे अगदी चूक. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून खास बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की औषधाचा मेळ बिघडतो. फेनिटॉइनसारखे फिट्सचे औषध फीडबरोबर दिले तर रक्तात कमी उतरते आणि थांबलेल्या फिट्स पुन्हा सुरू होतात. त्यामुळे फीड आणि या औषधात अंतर ठेवावे लागते. नळी घातली त्याच दिवशी सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवून विचारावे की, यातले कोणते पातळ औषधात मिळेल, कोणते कुटायचे नाही आणि कोणते किती अंतराने द्यायचे.

सहावी गोष्ट अन्नाची. 'नळी आहे म्हणजे दूध आणि डाळीचे पाणी' असे समीकरण घरोघर दिसते. निव्वळ डाळीच्या पाण्यात पोषण ते कितीसे असणार! नळीतून नियमित फीड घेऊनही हाडांचा सापळा झालेली मुले मी पाहिली आहेत. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने घरचेच अन्न चांगले शिजवून, मिक्सरमधून बारीक करून, गाळणीतून गाळून देता येते का, हे विचारावे. नळी बारीक असेल तर तुंबण्याचा धोका असतो, म्हणून विचारूनच. हात, भांडी, सिरिंज स्वच्छ हवीत. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळचे फीड दुपारी देऊ नये, दर वेळी ताजे करावे.

सातवी गोष्ट तोंडाची. तोंडाने खात नाही म्हणून दात घासायचे नाहीत, ही समजूत घातक आहे. न खाणाऱ्या तोंडातही जंतू वाढतात, ते लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. दिवसातून दोन वेळा मऊ ब्रशने दात, हिरड्या आणि जीभ साफ करावी, ओठांना थोडे तूप लावावे. पोटावर नळी असेल तर तिच्याभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडी करावी. तिथे हळद, भस्म, राख काही लावू नये. आणि पोटावरची नळी निघून आली तर 'उद्या बघू' म्हणू नये. ते छिद्र काही तासांतच मिटू लागते. स्वच्छ कापड ठेवून, निघालेली नळी बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात जावे.

हे सगळे एका कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत मावते. प्रत्यक्ष शिकवायला एका वेळेला अर्धा तास लागतो. माझ्या काही जुन्या सहकारी म्हणतील, "बाई, तुम्ही आता घरी बसून सांगता. एका नर्सकडे चाळीस खाटा असतात, अर्धा तास आणायचा कुठून?" त्यांचे म्हणणे खोटे नाही, मी त्यातूनच गेले आहे. पण हिशेब करून पाहा. फीड तर आपण देतोच. ते आईच्या हातून देववले आणि आपण बाजूला उभे राहिलो, तर वेगळा वेळ लागतच नाही. १९९८ नंतर मी माझ्या वॉर्डात एवढेच केले. 'बाजूला व्हा' म्हणायचे सोडले आणि 'या, सिरिंज तुम्ही धरा' म्हणायला लागले. पहिल्या वेळी हात थरथरायचे, तिसऱ्या वेळी बायका आम्हालाच म्हणायच्या, "सिस्टर, उशी अजून वर घ्या." तोच मुलगा न्यूमोनिया होऊन परत आला तर आठ-दहा दिवस तो वॉर्डात असतो. त्यापुढे हा अर्धा तास काहीच नाही.

आता दुसरी बाजू. नळी काही सोयीसाठी घालायची वस्तू नव्हे. भरवायला वेळ लागतो, माणूस कमी आहे, म्हणून नळी घातली, असे होता कामा नये. आधी गिळण्याची तपासणी व्हावी. नीट बसवून, अन्न जरा दाट करून, लहान चमच्याने, सावकाश भरवले तर काहींचे भागते. वाचा-उपचारतज्ज्ञ हे काम करतात. पण याच्या नेमके उलटही घडते आणि ते अधिक भयंकर आहे. 'असाही तो तसाच आहे, कशाला नळी-बिळी?' असे म्हणून गरज असताना नळी नाकारली जाते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. ब्रिटनमध्ये बौद्धिक दिव्यांगत्वाला 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी परिचारिकांची स्वतंत्र शाखा आहे. आपल्याकडे तशी वेगळी नोंदणी नाही. अशा देशातही मेनकॅप या संस्थेने २००७ साली एक अहवाल काढला, त्याचे नाव 'डेथ बाय इन्डिफरन्स', म्हणजे बेपर्वाईने आलेला मृत्यू. सरकारी आरोग्यसेवेच्या देखरेखीत असताना दगावलेल्या अशा सहा जणांच्या हकिकती त्यात आहेत. त्यातला एक जण डाऊन सिंड्रोम असलेला. पक्षाघाताने त्याचे गिळणे बंद झाले आणि रुग्णालयातच तो सव्वीस दिवस अन्नावाचून राहिला. चूक लक्षात आली तेव्हा पोटावर नळी बसवण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. डॉक्टर, नर्स, औषधे, यंत्रे सगळे होते. 'हा माणूस जेवला का?' हे पाहणारे मात्र कोणी नव्हते. एवढा एक प्रश्न रोज विचारला गेला असता तरी पुरे होते.

शेवटी त्या माणसाविषयी, कारण नळीच्या गडबडीत तोच मागे पडतो. नळी का घातली हे त्याला कळत नाही. नाकात काहीतरी टोचते म्हणून तो ती ओढतो. मग आपण त्याचे हात खाटेला बांधतो. मीही बांधले आहेत, खोटे कशाला सांगू? पण हात बांधणे हा पहिला उपाय नव्हे. नळी नीट चिकटवून कानामागून, सदऱ्याच्या आतून घ्यावी, म्हणजे नजरेसमोर लोंबत नाही. हातात धरायला आवडीची वस्तू द्यावी. फीडच्या वेळी ओळखीचे माणूस जवळ बसावे. जे करणार ते आधी त्याला सांगावे. 'त्याला काय कळतंय' असे म्हणणाऱ्यांना मी सांगेन की, शब्द कळत नसले तरी आवाज कळतो. आणि तो एकाएकी नळी ओढू लागला, कण्हू लागला, तर 'ही त्याची सवयच आहे' म्हणून सोडून देऊ नका. पोट दुखत असेल, शौचाला झाली नसेल, नळीने जखम झाली असेल. अशा वेळी आईचे ऐकावे. "आज ह्याचं काहीतरी बिघडलंय" असे ती म्हणते तेव्हा बहुधा बिघडलेले असते. हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकले.

जेवणाच्या वेळी त्याला मागच्या खोलीत ठेवू नका. घरातले सगळे जेवायला बसतात तेव्हाच त्याचेही फीड द्या, पंगतीत, सगळ्यांबरोबर. फोडणीचा वास त्याच्याही नाकापर्यंत जातो. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर सणाच्या दिवशी श्रीखंडाचे बोट ओठांना लावावे. उष्टावणाच्या दिवशी ज्याला सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, त्याचे जेवण आता नळीतून जाते एवढाच फरक. नळीतून जातो तोही घासच असतो.

आपल्या जिल्ह्यासाठी मागणे थोडेच आहे. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात, सरकारी असो वा खासगी, नळीवर घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी एक नेमलेली परिचारिका, एक मराठी कागद आणि अडचण आल्यास विचारायला एक फोन नंबर असावा. जिल्हा पातळीवर मुलांसाठी शीघ्र निदान व उपचार केंद्रे आहेत, पण त्यांची मर्यादा अठरा वर्षांपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी त्या मुलाने जायचे कुठे? हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा. गावातल्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंना अशा घरांची यादी माहीत असावी. पालकांनी राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विमा योजनेची चौकशी जरूर करावी. बौद्धिक दिव्यांग, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी ती आहे. आणि नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी एवढे करावे की, त्या आईबरोबर आणखी एकाने ही कला शिकून घ्यावी. तिला ताप आला तर त्या दिवशी मुलाने उपाशी राहायचे का?

त्या दिवशी त्या घरी मी दोन तास होते. नळीवरचा आकडा आणि कार्डावरचे टिपण जुळत नव्हते, म्हणजे कार्डावर आकडाच नव्हता. तेव्हा रिक्षा करून आम्ही आधी रुग्णालयात गेलो आणि नळी तपासून घेतली. घरी येऊन मुलाला उशांना टेकवून बसवले. सिरिंज आईच्या हातात दिली. तिने पहिल्यांदा पाणी सोडले, मग दूध. मी फक्त शेजारी बसले. अर्ध्यावर आले तेव्हा तिचा हात स्थिर झाला होता आणि ती त्याला सांगत होती, "जेव रे बाळा, सावकाश जेव."

१९९८ साली जिला मी उत्तर दिले नाही ती बाई आज कुठे असेल मला माहीत नाही. हा पेपर तिच्या गावीही जातो. कोणी वाचून दाखवला तर तिला एवढेच कळावे की, बाई, ते तुमच्या हातानं झालं नव्हतं.